हेवा ओळखणारा खांब

धाकटीने पायांनी खांबाला वेढा घातला, दोन्ही हात सोडले आणि ती मागे झुकली, तेव्हा सभागृहातल्या चाळीस बायकांचा श्वास एकदमच अडकला. पंखे बंद होते, खिडक्या बंद होत्या, आणि त्या कोंदट उकाड्यात ती आधार सापडलेल्या वेलीसारखी खांबाभोवती हलके फिरत राहिली. तीन भिंतींना आरसे असल्यामुळे एका धाकटीच्या चार धाकट्या झाल्या होत्या. दारापाशी उभ्या असलेल्या तिच्या थोरल्या जावेला एकच पुरेशी जड होती.

धाकटी उतरली, कोपऱ्यातल्या दाराआड जाऊन आली, काट्यावर उभी राहिली. माईंनी आकडा वाचला आणि हात उंचावले.

"एका तासात एक किलो चारशे!"

टाळ्यांचा पाऊस पडला. फळ्यावर धाकटीच्या नावापुढे आणखी एक आकडा चढला.

शहरात इतरत्र याला पोल डान्स म्हणत. व्यायाम म्हणून तो रीतसर शिकवला जाई, आणि नेमाने घाम गाळला तर वजन हळूहळू उतरते असे सांगितले जाई. माईंच्या सभागृहात 'हळूहळू' हा शब्द निषिद्ध होता. बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानावरचा तो पहिला मजला. पांढरा ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी आणि आवाजात मध घेऊन माई तिथे रोज तेच बोलत.

"बाळांनो, याला खांब म्हणू नका! पृथ्वीच्या पोटातून निघालेली ही चुंबकरेषा आहे. ती चरबी ओढते, मळ ओढते, आजार ओढते. एकच गोष्ट तिला सोसत नाही. हेवा! मनात हेवा असला की ती माणसाला फेकून देते."

पृथ्वीचे पोट आणि तो खांब यांच्यामध्ये एक मजलाभर जुने सोफे धूळ खात पडले होते, ही गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती.

थोरली पिठाची गिरणी चालवी. सकाळी आठला पट्टा फिरू लागे आणि संध्याकाळपर्यंत तिच्या भुवया पांढऱ्या होत. धान्याची पोती उचलून तिचे खांदे रुंद झाले होते. त्यांना कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. धाकटी नऊ वर्षांनी मागाहून घरात आली होती. ती हसली की जेवणघर उजळे, आणि थोरलीला त्या उजेडात आपलीच सावली दिसे. हे सगळे तिने गिळले होते. पण परवा तिचा नवरा सहज म्हणून गेला, "धाकटीकडे बघ, कसं मनावर घेतलंय," आणि ते मात्र तिला गिळता आले नाही.

"तू पण जा की तिच्याबरोबर," सासूबाई म्हणाल्या. "नुसती दारात उभी राहून काय बघतेस? बघून कुणी बारीक होत नाही."

म्हणून ती गेली.

आधी प्रत्येकीला लिटरभर 'जागृत जल' प्यावे लागे, एका दमात. पाणी पोटात गेले की शरीर खरे बोलते, असे माईंचे म्हणणे. मग लगेच वजन. मग तासभर व्यायाम. मग 'मुक्तिद्वार' अशी पाटी लावलेल्या दारातून एकेक जण जाऊन येई. आत साधे स्वच्छतागृह होते. आणि मग पुन्हा वजन.

नव्या बाईची पारख पहिल्याच दिवशी होई. हातांनी खांब धरायचा, पाय उचलायचे, पाच आकडे मोजेपर्यंत टिकायचे. माईंनी थोरलीचे तळवे हातात घेतले, तिच्या डोळ्यांत पाहिले आणि कमरेला खोचलेल्या निळ्या फडक्याने ते मायेने पुसले.

"धर, बाळ."

पोते पाठीवर घेऊन जिना चढणारी थोरली दोन आकड्यांत खाली आली. पुन्हा धरले, पुन्हा घसरली. तिसऱ्या वेळी ती सपशेल बसलीच.

"खांब ओळखतो," माई हळुवारपणे म्हणाल्या. "घरातल्याच कुणाचा तरी हेवा आहे ग तुझ्या मनात."

चाळीस जणींनी आधी थोरलीकडे पाहिले, मग धाकटीकडे. धाकटीने मान खाली घातली. आणि ते न पाहणेच थोरलीला जास्त लागले. कारण माई खोटे बोलत नव्हत्या.

त्या दिवसापासून घरात एक भिंत उभी राहिली. माईंनी धाकटीला सांगितले होते की इथे उतरलेले वजन घरातल्या हेवेकरी नजरेने पुन्हा अंगाला चिकटते. धाकटी आपले ताट खोलीत नेऊ लागली. दारात थोरली दिसली की ओढणी अंगभर घेऊ लागली.

"काय करून ठेवलंस ग तिला?" सासूबाईंनी विचारले.

"मी? नुसती बघते मी."

"तेच तर म्हणतेय."

रागाने माणूस आंधळा होतो म्हणतात. हेव्याचे तसे नसते. हेव्याची नजर सोनाराच्या तराजूसारखी असते, तिला गुंजेचाही फरक कळतो. एका दुपारी धाकटी बाहेर गेलेली असताना थोरलीने तिचे कपाट उघडले आणि शिवणाच्या फितीने तिच्या पँट्सची कंबर मोजली. गेल्या वर्षीची आणि या महिन्यात घेतलेली. दोन्ही सारख्याच. तिला जो आनंद झाला त्याची तिला लगेच लाज वाटली. फीत गुंडाळताना हात मागच्या कप्प्यात गेला आणि औषधांच्या तीन पट्ट्या हाताला लागल्या. रक्तदाबाच्या. एकही गोळी फोडलेली नव्हती.

आनंद जागच्या जागी विरला.

"गोळ्या का बंद केल्यास?" संध्याकाळी तिने धाकटीला गाठले.

धाकटी आधी चमकली, मग ताठ झाली. "खांबानं बीपी ओढून घेतलं, ताई. माई म्हणाल्या, औषध म्हणजे अविश्वास."

"मोजलंस का?"

"विश्वास मोजतात का?"

"अगं, परवा जिन्यात कठडा धरून उभी होतीस ती."

"तुमची नजर होती म्हणून! रविवारी सगळ्यांसमोर मी शंभर मोजेपर्यंत उलटी लटकणार आहे. माई मला पट्टशिष्या करणार आहेत. तेवढं तरी सुखानं होऊ द्या ना."

ती निघून गेली. थोरलीच्या मनाच्या तळातून एक वाक्य बुडबुड्यासारखे वर आले: पडू दे. चाळीस जणींच्या देखत पडू दे. ते वाक्य आपलेच आहे हे तिने ओळखले.

दुसऱ्या दिवशी गिरणीचा पट्टा चाकावरून घसरू लागला. थोरलीने सवयीने राळेचा खडा घेतला आणि फिरत्या पट्ट्याला लावला. पट्टा एकदा किंचाळला आणि चाकाला धरून बसला. बोटे चिकट झाली. तिने ती नाकाशी नेली. ओल्या लाकडाच्या डिंकासारखा तो वास तिला हल्ली दुसरीकडेही येत होता. कुठे? धाकटी सभागृहातून येऊन जवळून आपल्या खोलीत शिरे, तेव्हा तिच्या तळव्यांना.

थोरलीला फडके आठवले. निळे फडके. माईंच्या कमरेला दोन फडकी असत. तिचे तळवे निळ्याने पुसले होते, आणि मग ते बुळबुळीत लागले होते; तिने तो घाम समजला होता. धाकटीचे तळवे आणि गुडघे नेहमी पांढऱ्याने. आणि प्रत्येक बाई उतरली की माई खांब स्पिरिटने पुसून लख्ख करीत, म्हणजे मागचे काही उरू नये.

एवढ्यात एका गिऱ्हाइकाने डबा काट्यावर ठेवला. "डब्याचं वजन धरलंत की काय, बाई?"

"आधी रिकामा डबा, मग भरलेला," ती यांत्रिकपणे म्हणाली. आणि आपलेच शब्द तिने मनात पुन्हा म्हटले. माई आधी डबा भरत होत्या आणि मग रिकामा करीत होत्या.

फळ्यावर कुणाचेही वजन लिहिलेले नसे. लिहिलेली असे ती फक्त घट. तीस दिवस, रोज सुमारे एक किलो चारशे. बेचाळीस किलो. अठ्ठ्याहत्तर किलोंची धाकटी आता छत्तीस किलोंची उरायला हवी होती. गिरणीतले गव्हाचे एक पोतेही त्याहून जड असते.

रविवारी सभागृहात उभे राहायला जागा नव्हती. थोरली गिरणीतला काटा काखेत मारून आली. बरोबर दवाखान्यातली परिचारिका होती. तीही माईंच्या वर्गातलीच. तिने एकदा औषधांविषयी शंका काढली होती, आणि त्या दिवसापासून ती खांबावर टिकेनाशी झाली होती.

धाकटी खांबाकडे निघाली तशी थोरली पुढे झाली.

"माई, आधी माझी पारख पुन्हा घ्या."

"बाळ, आज शुभ दिवस आहे. आज नको."

"दोन मिनिटांचं काम. फक्त तळवे पांढऱ्या फडक्यानं पुसा."

माईंचे हसू किंचित आटले. "फडक्यात काय आहे? मन लागतं."

"मग कुठलंही चालेल की," असे म्हणत थोरलीने त्यांच्या कमरेचे पांढरे फडके ओढून घेतले. बारीक पिवळसर पूड हवेत उडाली. तिने तळवे पुसले, खांब धरला, पाय उचलले.

पाच झाले. दहा झाले. पंधराव्या आकड्याला बायका स्वतःच मोठ्याने मोजू लागल्या.

माईंनी क्षणात सूर पकडला. "पाहिलंत? पश्चात्तापानं मन धुतलं गेलं! हेवा गेला!"

टाळ्या सुरू झाल्या. थोरलीला वाटले असते तर ती त्या टाळ्या घेऊन घरी जाऊ शकली असती. आयुष्यात पहिल्यांदाच त्या तिच्यासाठी होत्या. ती खाली उतरली. 

"हेवा गेलेला नाही. आहे तिथंच आहे. मला माझ्या जावेचा हेवा वाटतो. तिच्या हसण्याचा, तिच्या कौतुकाचा. खांब धरला होता तेव्हाही वाटत होता. मी तिचं कपाट उघडून तिच्या पँट्स मोजल्यात, आता बोला! तरी मी पडले नाही. कारण तळव्यांना राळ होती. माझ्या गिरणीच्या पट्ट्याला लावते तीच."

टाळ्या थांबल्या. कुठेतरी कुणीतरी फिस्सकन हसले.

"आणि निळ्या फडक्याला तेल आहे. धाकटे, तुझा माझ्यावर विश्वास नाही, ठीक आहे. स्वतःच्या हातांवर तरी ठेव. एकदा पूस आणि धर."

धाकटीने माईंकडे पाहिले. माई शिट्टी चाचपत होत्या. धाकटीने त्यांच्या कमरेचे निळे फडके घेतले, तळवे पुसले, खांब धरला. आणि पट्टशिष्या तीन आकड्यांत जमिनीवर आली. 

थोरलीने आपला काटा मांडला. परिचारिका त्यावर उभी राहिली: चौसष्ट किलो. तिथेच उभ्या उभ्या ती लिटरभर जागृत जल प्यायली: पासष्ट.

"आत गेलं तर एक किलो वाढतं," थोरली म्हणाली, "मग बाहेर पडलं की तेवढंच कमी होणार. वरचे चारशे ग्रॅम या कोंदट खोलीतल्या घामाचे. घरी जाऊन पाणी प्यालं की परत येतात. नजरेनं नाही, पाण्यानं! तुम्ही रोज जिला टाळ्या वाजवता ती चरबी नाही, बायांनो. ते मुक्तिद्वार आहे."

हास्याचा असा लोंढा आला की आरसे थरथरले. माई काहीतरी चुंबकाविषयी बोलत होत्या. ऐकायला कुणी नव्हते. परिचारिकेने तोवर धाकटीच्या दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा बांधला होता. आकडा पाहून तिने हसणाऱ्यांना हाताने थांबवले.

"एकशे ब्याऐंशी, खाली एकशे दहा. हिला उलटं लटकवणार होतात तुम्ही? चला, आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे."

दवाखान्याच्या बाकावर दोघी जावा शेजारी बसल्या होत्या. 

"चारचौघांत माझी शोभा केलीत," धाकटी म्हणाली.

"हो. माझी पण केली."

"हेव्यापोटी केलंत ना?"

"सुरुवात हेव्यापोटीच. कपाट उघडलं तेही. तू जाड राहिलीस हे पाहून बरं वाटलं मला. मग गोळ्या दिसल्या. आणि तरीही एकदा मनात आलं, पडू दे." थोरलीने तिच्याकडे पाहिले. "पण तू पडलेलं मला बघवलं नसतं ग. मग मी जळायचं कुणावर?"

धाकटीला हसू आवरेना, आणि त्यातच रडूही आले. डॉक्टरांनी दिलेली गोळी तिने थोरलीच्या देखत घेतली.

तीन महिन्यांनी रक्तदाब ताब्यात आला, आणि डॉक्टरांनी डोके वर ठेवून करायच्या व्यायामाला परवानगी दिली. माई फळ्यासकट शहर सोडून गेल्या होत्या. खांब राहिला होता. आता एक साधी शिक्षिका तिथे खिडक्या उघडून शिकवते, राळेची पूड सगळ्यांसाठी उघड्या वाटीत ठेवते, आणि सांगते की नीट खाल्ले, नेमाने घाम गाळला तर महिन्याला किलो-दीड किलो उतरेल, कधी तेवढेही नाही. पोल डान्समध्ये दंड, पोट आणि पाठ खरोखर राबतात. त्यासाठी पृथ्वीच्या पोटातल्या रेषेची गरज नाही.

धाकटी आजही थोरलीपेक्षा सुंदर चढते. थोरली खालून पाहते आणि जळते. ते जळणे तिचे तिने आपल्यापाशी ठेवले आहे. त्याने कुणाचे वजन वाढत नाही, की कुणी घसरत नाही. मनातले काळे हे माणसाचे असते, चमत्काराचा पुरावा नसते. पण आपल्या मनातली खरी लाज कुणी अचूक ओळखली, की त्याचे पुढचे सगळे खोटे आपण मुकाट्याने खरे धरून चालतो. तिथेच थांबावे. आधी काय होते आणि नंतर काय झाले, हे आपल्या काट्यावर तोलून पाहावे. हात कशाने पुसले ते विचारावे. आणि विचारल्याबद्दल जो आपल्याला पापी ठरवतो, त्याच्या सांगण्यावरून औषधाची एक गोळीही चुकवू नये.