बाहीमागची यादी

बाहीच्या मापाचा खाकी कागद तिनं कापडावरून उचलला, उलटा केला, तर मागे तिचंच अक्षर.

पहिली ओळ अख्खी होती. 'मास्तरांना सांगणे.' खाली, 'कटिंगच्या क्लासचा फॉर्म, जूनच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत.' तिसरी-चौथीही धड वाचता येत होती. पाचवी मात्र, बाही खांद्याला जोडते त्या मुंढ्याच्या गोलाईत अर्धी कापली गेली होती.

तिचे हात मांडीवर आले. टेबलापाशी मास्तर पाठमोरे उभे राहून दुसऱ्या कोटाच्या रेघा ओढत होते. रेघ ओढताना हल्ली ते डाव्या हातानं उजवं मनगट धरून ठेवत.

यादी लेकीनं लिहायला लावली होती. "आई, एकोणीस वर्षं नुसतं म्हणतेस, कटिंग शिकायचंय. पायऱ्या पाड, तारखा घाल, आणि लिही." घरात कोरा कागद सापडेना, म्हणून पिशवीतल्या खाकी कागदावरच लिहिलं. लेकीनं वाचून नाक मुरडलं. "पहिली पायरी तर दोन मिनिटांचं काम."

त्या दोन मिनिटांना तीन महिने झाले. घरून दुकानात, दुकानातून घरी, कागदही तिच्याइतकाच दमला. आणि काल त्याची गुंडाळी मापांच्या ढिगात राहून गेली, नि मास्तरांनी त्यातूनच बाहीचं माप कापलं.

दुकानात कात्री एकट्या मास्तरांची. कात्रीला दुसरा हात लागायचा नाही. वर्षभरात ती कात्री वाकडी चालू लागली होती. कधी बाही अर्धं बोट आखूड, कधी कॉलर एका अंगाला झुकलेली. ती काही बोलत नसे. इथं थोडं दाबून, तिथं थोडं सोडून शिवताना सगळं सरळ करून घ्यायची. गिऱ्हाईक खूश, मास्तर ताठ. आता कुठल्या तोंडानं म्हणायचं, मला कापायला शिकायचंय? त्यांना एवढंच ऐकू जाणार, तुमचा हात थरथरतो.

आज गुरुवार. फॉर्मचा शुक्रवार उद्यावर आला होता. तिनं चार बाह्या लावल्या, दोन उसवल्या. मान भरून आली.

पाचला चष्मा पुसत ते म्हणाले,

"ती बाही आण बघू."

तिनं कागद मापाची बाजू वर करून ठेवला. त्यांनी तो उलटला.

"कापून झाल्यावर दिसलं. पाचवी ओळ काय होती?"

"काही नाही मास्तर. लेकीचं खूळ."

"अक्षर तुझं आहे."

तिनं मशीनवरचे दोऱ्याचे तुकडे गोळा केले, पुन्हा तिथंच ठेवले.

"एक कोट स्वतः कापायचा. पहिल्यापासून."

"कुणाच्या मापाचा?"

"ते नाही लिहिलं."

"मग कसली यादी ही? माप न घेता कोट होतो होय? एकोणीस वर्षं काय झोपा काढल्यास?"

तिला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचायच्या आत त्यांनी विचारलं,

"माझे किती कोट सरळ केलेस या वर्षी?"

"कुठले कोट?"

"हं."

त्यांनी निळा खडू उचलला. मनगट धरलं, मग सोडून दिलं. पहिल्या ओळीपुढे बरोबरची खूण केली. खूण नदीसारखी वळत गेली, आणि दोघांपैकी कुणीही तिच्यावरून दुसरी रेघ ओढली नाही.

"उद्या अर्धा दिवस सुट्टी घे. फॉर्मच्या रांगा मोठ्या असतात."

गळ्यातली टेप काढून त्यांनी तिच्यापुढे धरली. मग तिच्याकडे पाठ केली, श्वास घेतला, आणि लहान मुलासारखे ताठ उभे राहिले.

"लिहून घे. तुझ्या डोक्याचा भरवसा नाही."

तिनं टेप लावली. ही पाठ रोज दिसायची, पण तिला हात लावायची वेळ कधी आली नव्हती. शर्टाखाली हाडं लागत होती. पाठ, खांदे, बाही. कापल्या गेलेल्या पाचव्या ओळीच्या खाली, उरलेल्या कागदावर ती एकेक आकडा मांडत गेली.

शेवटी पेन्सिल थोडी थांबली. मग तिनं जसं होतं तसं लिहिलं: उजवा खांदा, अर्धं बोट खाली.