टक न ऐकता ओढलेली रेघ

घरात तिला सगळे शंकासुरबाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तीही ओ देई. गॅस बंद केला का ते बघायला अर्ध्या जिन्यावरून परत जायचं, झोपलेल्या लेकीच्या नाकाशी बोट धरायचं, दाराला कडी घालून वर ती ओढून बघायची, हे तिचं रोजचंच. संख्याशास्त्र घेऊन पदवी मिळवलेली बाई. पण अपघाताची शक्यता हजारात एक आहे असं कुणी सांगितलं, की तिला तो एकच दिसे.

म्हणून तर रेघेचं काम तिच्याकडे आलं.

सासऱ्यांची जुनी गाडी नवरा आणि धाकटा दीर मिळून शर्यतीसाठी तयार करत होते. त्या गाडीला घरात म्हातारीच म्हणत. शर्यत सरळ पट्टीवरची: दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहायच्या, दिवा हिरवा व्हायचा, आणि बघणाऱ्याने श्वास सोडेपर्यंत निकाल. इंजिनाची ताकद वाढवून वाढवून कितीतरी पट केली होती. पण ती ताकद म्हाताऱ्या हाडांना कशी पेलावी? आधी क्लच जळला. तो भारीतला घातला तर गिअरबॉक्सचे दात गेले. गिअरबॉक्स बदलला, तर मागचा आस मोडला. एकाची दुखणी निस्तरावीत तर शेजारचा आजारी. शेवटी गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत ताकद नेणारा लांब दांडासुद्धा नवा, जाड पोलादी आणून बसवला.

सासरे खुर्चीत बसून कुरकुरत. "ह्याच गाडीतून तुमच्या आईला घरी आणली. सहा माणसं, दोन ट्रंका आणि एक रुसलेली आत्या. हूं की चूं केलं नाही हिने. आता एकटा माणूस बसतो, तर हिचं कंबरडं मोडतंय!"

"आत्या किती हॉर्सपॉवरची होती, बाबा?" दीर गाडीखालून विचारी.

गॅरेजचा एक नियम होता. बोल्ट आवळायचा पाना ठरलेल्या जोरावर आला की 'टक' असा वाजे. टक वाजला की दुसऱ्या माणसाने बोल्टवरून जोडावर पिवळ्या रंगाची रेघ ओढायची. बोल्ट पुढे ढिला झाला तर रेघ तुटलेली दिसते. आवळणाऱ्याने रेघ ओढायची नाही आणि रेघ ओढणाऱ्याने टक ऐकल्याशिवाय रंगाला हात लावायचा नाही. "तुला नाहीतरी कशाचाच भरवसा नाही," नवरा हसून म्हणाला होता, "मग तूच हो आमचा भरवसा." आणि पिवळी रंगपेन्सिल तिच्या हातात दिली होती.

आज म्हातारी नव्या दांड्यानिशी प्रथमच पट्टीवर आली होती. तिच्या बाजूच्या रांगेत पुढे दोनच गाड्या. नवरा हेल्मेट चढवून आत बसलेला. कठड्यामागे ती, कडेवर दोन वर्षांची लेक भिंगरी, शेजारी सासरे घडीच्या खुर्चीत. दीर गाडीशी वाकून टायर बघत होता.

पुढची एक गाडी सुटली. कानठळ्या बसवणारा आवाज. भिंगरी दचकली आणि तिने भोकाड पसरलं.

ते रडणं ऐकताच तिची नजर गाडीखाली गेली.

असंच रडली होती ही, काल. गॅरेजमध्ये. स्टुलावरून पडली होती. नव्या दांड्याच्या पुढच्या, गिअरबॉक्सकडच्या जोडाचे चार बोल्ट आवळणं चाललं होतं. ती पेन्सिल टाकून धावली, दीरही पाना टाकून धावला. काकाने घोडा घोडा करून हसवलं तिला. मग तो परत गाडीखाली गेला, आणि भिंगरीला दूध देऊन ती आली तेव्हा म्हणाला, "झालंय वहिनी सगळं, ओढा रेघा."

आणि तिने ओढल्या. चारही. टक किती ऐकले होते? एक नक्की. दुसरा... दुसरा ऐकला होता का?

तिने लेकीला थोपटत स्वतःला दटावलं. हे तुझं नेहमीचंच. मागच्या महिन्यात पेट्रोलचा वास येतोय म्हणून रांगेतली गाडी थांबवलीस. चौघांनी बॉनेट उघडून हुंगलं. वास निघाला तुझ्याच रुमालाचा, ज्याने तू पेट्रोल लावून रंगाचे डाग पुसले होतेस. संधी गेली, वर मैदानभर हसं. नवरा घरी येईपर्यंत बोलला नव्हता. मग म्हणाला, "एक वचन दे. गाडी रांगेत लागली की शंका बंद." तिने दिलं होतं.

"काय गं, पांढरी पडलीस," सासरे म्हणाले.

"बाबा, तो पुढचा जोड सुटला तर काय होतं?"

"दांडा सुटला तर झेलायला खाली पोलादी पट्टा घातलाय की."

"पट्टा टिकेल?"

सासरे म्हणाले, "पट्टा म्हणजे छत्री, सूनबाई. छप्पर नव्हे. वेगात असताना दांड्याचं सुटलेलं टोक जमिनीत रुतलं, तर गाडी त्यावर उभी राहून कोलांटी घेते."

पुढची दुसरी गाडी पट्टीवर गेली. आता म्हातारीचाच नंबर.

काळजी तिच्या ओळखीची होती, शेजारणीसारखी. ती यायची तीच 'असं झालं तर' म्हणत. पुढचं सांगायची, न घडलेलं. हे तसं नव्हतं. हे कालचं होतं, घडून गेलेलं. टक ऐकला नव्हता, आणि रेघ ओढली होती. ती रेघ बघून नवरा निर्धास्त आत बसला होता.

तिने भिंगरीला सासऱ्यांच्या मांडीवर ठेवलं आणि कठड्याखालून वाकून धावली.

"ओ बाई! कुठे? मागे व्हा!" रांग लावणारा माणूस हात पसरून आडवा आला. तिने त्याच्या बगलेतून वाट काढली आणि काचेवर दोन्ही हात आपटले.

नवऱ्याने काच खाली केली. हेल्मेटच्या फटीत नुसते डोळे, आणि त्या डोळ्यांत ओळखीचा कंटाळा. "आता काय?"

"पुढच्या जोडाचे बोल्ट. मी टक ऐकले नाहीत."

"रेघ आहे. मी सकाळी स्वतः बघितली."

"रेघ खोटी आहे. मी ओढली, म्हणून सांगते. हसा सगळे, पण उतर."

"निघताय की नाही?" रांगवाला ओरडला. "बाजूला घेतली तर नंबर गेला हां!"

इंजिन घुमत होतं. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मग पट्टीकडे, मग परत तिच्याकडे. गिअर मागे टाकला आणि म्हातारीला रांगेबाहेर काढलं.

जॅक लावला. दीर पाना घेऊन खाली सरकला. त्याचे फक्त बूट दिसत होते.

टक. पहिला बोल्ट पाना लावताच वाजला. कुणीतरी मागे फिसकन हसलं.

टक. दुसराही. नवऱ्याने हेल्मेट काढून बॉनेटवर आपटलं. तिने ओढणीचं टोक दातांत धरलं.

मग टक आलाच नाही. पाना फिरत राहिला. एक हेलकावा, दुसरा, तिसरा. हसणारा जवळ येऊन वाकला. बऱ्याच वेळाने खालून टक आला, आणि पाठोपाठ चौथ्या बोल्टाचं तसंच लांबलचक फिरणं.

दीर बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "दादा, दोन बोटांनी फिरत होते. भिंगरी रडली आणि मी... मला वाटलं आवळले."

नवरा खाली बसला, तिथेच, टायरला टेकून. सासऱ्यांनी भिंगरीला उचलून आणलं. "आत्यासुद्धा अशीच होती हो," ते म्हणाले. "रुसायची, पण गाडीची दारं नीट लागलीत का ते बघितल्याशिवाय कुणाला हलू द्यायची नाही."

नवरा कसनुसा हसला. त्याने दिराच्या खिशातली पिवळी पेन्सिल काढून तिच्यापुढे धरली. ती पाठीवर झोपून गाडीखाली सरकली. शेवटच्या दोन बोल्टांवरच्या जुन्या रेघा तुटून वाकड्या झाल्या होत्या. तिने चारही रेघा पुसल्या, दिराला सगळ्या बोल्टांवर पाना पुन्हा लावायला लावला आणि प्रत्येक टक ऐकून मगच रेघ ओढली.

ती बाहेर आली तेव्हा रांगवाला उभा होता. नंबर गेलाच होता. पण शेवटी पट्टी रिकामी असेल, तेव्हा एकट्याने धावून घ्या, म्हणाला. निकालात धरणार नाही.

नवऱ्याने हेल्मेट उचललं. घातलं मात्र नाही.

"जाऊ?" त्याने विचारलं. आजवर त्याने कधी विचारलं नव्हतं.

तिच्या मनात शेजारीण लगेच उठून बसली: टायर फुटला तर, ब्रेक लागला नाही तर. तिने तिचं सगळं ऐकून घेतलं. त्यात कालचं काही नव्हतं.

"जा," ती म्हणाली, आणि भिंगरीच्या कानांवर आपले पिवळे झालेले हात ठेवले.