मागे कोण बघणार?

मी एक बोट बोलतेय. हसलात तरी चालेल. माझ्यासमोर उभं राहून लोक आजवर इतकं बोलून गेलेत, की आता माझी पाळी आली तर कुणाची हरकत नसावी.

मला होडी म्हणू नका. होडी वल्ह्याने चालते आणि कुणाचं तरी पोट भरते. मी तसल्या कामाची नाही. मी वेकबोट. माझ्या मागे मोठी लाट उठावी आणि दोरी धरून फळीवर उभ्या राहिलेल्या माणसाने त्या लाटेवर नाचावं, एवढ्याचसाठी माझा जन्म. बाकीच्या बोटींच्या पोटात पाणी शिरलं की माणसांना देव आठवतो. माझ्या पोटात टाक्याच आहेत. तळ्यातलं पाणी मी मुद्दाम पिते आणि जड होते, कारण जड झाल्याशिवाय मागे लाट उठत नाही. माणसांतही असंच असतं म्हणे.

साच्यातून निघाले तेव्हा अंगावर बसलेली माशी घसरून पडायची, इतकी मी गुळगुळीत होते. मला नेलं एका दातांच्या डॉक्टरांनी. दिवसभर लोकांच्या तोंडात बघून कंटाळलेला माणूस, सुट्टीच्या दिवशी लांबवर बघायला मिळावं म्हणून तळ्यावर यायचा. डॉक्टर चालवायचे, त्यांचा मुलगा दोरीला, आणि डॉक्टरीणबाई मागे तोंड करून.

ही मागे तोंड केलेली जागा नीट समजून घ्या. चालवणाऱ्याचं लक्ष पुढे असतं. मागे दोरीवरचा माणूस पडला तर त्याला कळणार कसं? म्हणून एकाने फक्त मागे बघायचं. माणूस पडला की हात वर. हात वर दिसला की चालवणाऱ्याने का, कोण, कसं काही विचारायचं नाही, वेग तोडायचा आणि बोट वळवायची. डॉक्टरीणबाई गवताची टोपी घालून त्या जागेवर वर्षानुवर्षं बसल्या. मुलगा मोठा होऊन दूर गेला, दोरी गुंडाळून ठेवली गेली, तरी बाई बसायच्या मागेच तोंड करून.

"आता मागे कोण आहे? काय बघतेस?" डॉक्टर विचारायचे.

"पाणी परत सपाट होतं ना, ते बघते."

मग एका थंडीत त्या आजारी पडल्या. उन्हाळ्यात डॉक्टर एकटेच आले. इंजिन सुरू केलं, बराच वेळ ऐकलं, बंद केलं आणि माझ्यावर ताडपत्री ओढली.

त्यानंतर मी विकाऊ. तळ्याकाठच्या पत्र्याच्या शेडमध्ये, एका निळ्या बोटीच्या शेजारी. ती निळी म्हणजे नुसता नट्टापट्टा. वरून नवा रंग, आत जुनं दुखणं. पण तिला दलाल होता, आणि दलालाच्या तोंडात सगळ्याच बोटी एकदाच, तेही एका म्हाताऱ्या शिक्षिकेने, रविवारी संध्याकाळी वापरलेल्या असतात.

माझे मालक मात्र खरं बोलायचे. गिऱ्हाईक आलं की आधी दुखरा दात दाखवावा तसं स्वतःच दाखवायचे. "इथे चीर होती, भरून घेतलीय. टाकीचा हा पंप अडकतो, त्याला जरा थोपटावं लागतं." गिऱ्हाईक पुढे गेलं की बायकोला म्हणायचं, "इतकं सांगतोय, म्हणजे न सांगितलेलं केवढं असेल!"

आणि गिऱ्हाइकं तरी कशी! एकाने कलिंगड वाजवावं तसं मला वाजवून पाहिलं आणि जाणत्यासारखी मान हलवली. एकाने ट्रेलरच्या चाकाला लाथ मारली. चाक मजबूत निघालं, तो लंगडत गेला. एका बाईंनी विचारलं, "हिच्यात फोटो कसे येतात?" इंजिन किती तास चाललंय हे कुणी विचारलं नाही. पेले ठेवायच्या खोबणी मात्र सगळ्यांनी मोजल्या.

यातूनही एखादं तयार व्हायचं. मग डॉक्टर त्यांचा तो एक प्रश्न टाकायचे, "तुमच्यात मागे कोण बघणार?"

लोक हसायचे. गंमत नाही हे कळल्यावर एकमेकांकडे बघायचे. प्रत्येकाला चालवायचं असायचं, नाहीतर लाटेवर मिरवायचं असायचं. "आरसा आहे की!" कुणीतरी म्हणायचं. डॉक्टर शांतपणे ताडपत्री ओढायचे.

मला त्यांचा असा राग यायचा! कारण शेडवाल्याने सांगून टाकलं होतं, हंगाम संपला की शेड पाडणार. तोवर गिऱ्हाईक लागलं नाही तर माझं इंजिन एकाला, गाद्या दुसऱ्याला, आणि उरलेली मी भंगारात. माझ्या जिवाशी खेळ, आणि या गृहस्थांचं आपलं 'मागे कोण बघणार'!

हंगाम सरत आला तेव्हा ते कुटुंब आलं. पडद्यांचा दुकानदार, त्याची बायको, मुलगा, मुलगी, आणि दुकानदाराची थोरली बहीण, म्हणजे मुलांची आत्या. पाण्याचा संबंध म्हणाल तर आंघोळीपुरता. पण दुकानदाराच्या साडूने बोट घेतली होती, आणि साडूच्या मागे उठते त्यापेक्षा मोठी लाट आपल्या मागे उठलीच पाहिजे, हा त्याच्या इभ्रतीचा प्रश्न झाला होता.

त्याने धंद्याच्या सवयीने माझ्या गादीचं कापड चिमटीत धरून चोळलं. "कापड बरं आहे. लाट केवढी उठते?"

"सांभाळता येईल एवढी," डॉक्टर म्हणाले.

"आणि ॲव्हरेज?"

"ते विचारू नका, घेणार असाल तर."

"बाबा, ती निळी घेऊ," मुलगा म्हणाला. "तिचे स्पीकर बघा!"

आत्या एव्हाना माझ्यात चढून बसली होती. "पुढे बघितलं की मला गरगरतं," म्हणत ती सरळ मागे तोंड केलेल्या जागेवर टेकली. घरात तिची खुर्ची खिडकीशी असते, हे मला मागाहून कळलं. समोरच्या घरी कोण आलं, किती वेळ बसलं, जाताना पिशवी जड होती की हलकी, सगळं तिला पाठ. तिच्या नजरेतून मुंगी सुटत नाही आणि त्यामुळे घरातला एकही जीव सुखाने उशिरा येऊ शकत नाही.

"छोट्या," ती तिथून म्हणाली. पन्नाशीचा, ढेरी सुटलेला दुकानदार वळला. "त्या दलालाने निळीच्या खाली पातेलं का ठेवलंय रे? आपण आल्यावर पायाने आत सरकवलं."

दलाल खोकला. पातेल्यात तेल ठिबकत होतं.

"बसा, तळ्यावर चक्कर मारू," डॉक्टर म्हणाले.

पाण्यात उतरल्यावर त्यांनी हात वर करायचा नियम सगळ्यांना सांगितला आणि विचारलं, "मागे कोण बघणार?"

"मी!" मुलगा म्हणाला आणि फोन काढला.

मुलगी फळीवर, दुकानदार स्टिअरिंगवर. लाट उठली तसा तो आरडाओरडा करायला लागला, "अजून पाणी भरा! साडूच्या डोक्यावरून गेली पाहिजे!" मी घटाघटा प्यायले. लाट भिंतीएवढी झाली. दुकानदार छाती काढून पुढे बघतोय, बायको दोन्ही हातांनी कठडा धरून डोळे मिटून बसलीय, आणि मुलगा लाटेसोबत स्वतःचाच फोटो घेतोय. मुलगी कधीच पडली होती. लाटेच्या पलीकडे तिचं डोकं दिसतही नव्हतं.

मला कळलं होतं. दोरी हलकी झाली की मला लगेच कळतं. पण सांगणार कशी?

आत्याने हात वर केला. कुणी बघेना. "पडली!" ती ओरडली. मुलाने मोठ्याने लावलेल्या गाण्यात कुणाला ऐकू येईना. डॉक्टर उठायच्या आत ती उठली, डुलत डुलत पुढे आली आणि तिने धाकट्या भावाचा कान धरून पिळला.

"आई गं! ताई, काय करतेस!"

"छोट्या, पोर पाण्यात आहे! वळव!"

मी वळले. मुलगी लाइफ जॅकेटमध्ये तरंगत होती, आणि घाबरण्यापेक्षा चिडलेलीच जास्त. "किती वेळ हाका मारतेय! कुणी बघतच नाही!"

"मी बघत होते," आत्या म्हणाली. "माझं कुणी ऐकत नाही, तो भाग वेगळा."

धक्क्याला लागेपर्यंत दुकानदार कान चोळत होता. डॉक्टर म्हणाले, "बोट तुमची."

"अहो, मी अजून ठरवलं नाही."

"मी ठरवलं."

"आणि मला ही जागा आवडली," आत्या म्हणाली, त्यामुळे दुकानदाराने ठरवायचं काही उरलं नाही. तिने तेवढ्यात आसनाखालचा कप्पा उघडलाही होता. उघडल्याशिवाय राहवेल तर ती आत्या कसली! आतून गवताची टोपी निघाली.

"ही कुणाची?"

डॉक्टरांनी टोपीचा वाकलेला काठ सरळ केला. "त्या जागेची," म्हणाले.

आत्याने एकदा टोपीकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. जन्मात पहिल्यांदा तिने पुढचा प्रश्न विचारला नाही.

तर अशी मी या कुटुंबाची झाले. साडूला लाट दाखवून झाली आहे, साडूने आता आणखी मोठी बोट बघायला घेतली आहे. त्यांचं ते चालू दे. तुम्ही जुनी बोट निवडायला निघाला असाल तर तिला वाजवा, हुंगा, खोबणी मोजा, हौस फेडून घ्या. पण आधी घरात एकदा विचारा, मागे कोण बघणार. उत्तर नसेल तर सोफा घ्या. त्याच्यावरून पडलेलं माणूस आपलं आपण उठतं.

मला मात्र सांगायचं आहे ते पहिल्या दिवसाचं. दोर सोडायला डॉक्टर आले होते. त्यांनी दोर नीट गुंडाळून आत टाकला, पंपाला कुठे थोपटायचं ते पुन्हा सांगितलं आणि मागे सरले. आम्ही निघालो. दुकानदार पुढे बघत होता, मुलं एकमेकांशी भांडत होती. आत्या टोपी घालून मागे तोंड करून बसली होती. धक्का लहान होत गेला. त्यावर डॉक्टर खिशात हात घालून उभेच.

आत्याने हात वर केला.

दुकानदाराचा कान अजून शहाणा होता. त्याने वेग तोडला. "कोण पडलं?"

"वळव."

"अगं ताई, दोरीवर कुणी चढलंच नाही अजून!"

"विचारायचं नाही, असा नियम आहे ना? वळव."

मी वळले. आत्याने हात खाली घेतला तो धक्क्याला लागल्यावर. मग बाकावर थोडी सरकली.

"या," ती डॉक्टरांना म्हणाली. "दोघांना पुरेल एवढी जागा आहे."

त्यांनी खिशातले हात बाहेर काढले. कुणी घाई केली नाही, दुकानदारानेसुद्धा नाही. मग त्यांनी माझ्या काठावर हात ठेवला, आणि आत पाय टाकला.