उत्तनवरची काळी वस्तू

उदयने मोबाइल पुन्हा पालथा ठेवला. अहवाल अर्धाच लिहून झाला होता.

"जेव आधी," संघप्रिया म्हणाली. "भात निवला."

"ताई, काल विमान उतरवताना इथं जवळच, उत्तन गावावर, काहीतरी समोरून आलं. काळं, गोल. पंख नाहीत, दिवा नाही. आमच्या डाव्या पंखाखालून गेलं. स्क्रीनवर काहीच नाही."

"ड्रोन असेल."

"असेलही. ठाऊक नाही, एवढंच लिहायचंय."

"मग अडलं कुठे?"

"कॅप्टनना दिसलं नाही. म्हणाले, 'उडती तबकडी होती का रे? घार लिही आणि घरी जा.'" तो हसायला गेला, जमलं नाही. "त्यांचं नाही ऐकलं तर कंपनीचे डॉक्टर आधी मलाच तपासणार. वडील जाऊन महिना नाही झाला, पोराला भास होतायत म्हणतील. मग उडणं बंद."

"आणि घार लिहिलीस तर?"

भाईंदरच्या त्यांच्या इमारतीवरून एक विमान घरघरत गेलं. उदयने वर बोट केलं.

"तर ही सगळी त्याच वाटेनं उतरतायत," तो म्हणाला. "भरलेली विमानं."

या घरात भासांना थारा नव्हता. त्यांचे वडील, कोंडिराम, वस्त्यावस्त्यांत भुताखेतांविरुद्ध बोलत फिरले. लोकांची भीती जावी म्हणून स्मशानात बसून डबा खाऊन दाखवायचे. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, सगळे श्रद्धांजलीला जमले असताना, एक काकू 'ते इथंच आहेत गं' म्हणाल्या, तेव्हा उदयच त्यांच्यावर चिडला होता.

आता तोच ताटाकडे बघत म्हणाला,

"ताई, खरं सांग. बाबा गेल्यापासून तुला काही दिसतं? ऐकू येतं?"

"का रे?"

"तुलाही होत असेल, तर ते आपल्या डोक्यातलंच. मग मी घार लिहितो."

संघप्रियाने वरणाची वाटी उचलली, परत ठेवली.

"नाही," ती म्हणाली. "मला काही होत नाही. तू पाहिलंस ते पाहिलंस, उदय. लिही."

तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. मग त्याने मोबाइल सरळ केला आणि लिहू लागला. मध्ये एकदा खोडलं, पुन्हा लिहिलं.

"पाठवलं," तो म्हणाला. त्याने भात कालवायला घेतला.

गॅलरीतून कोंडिरामांचा खोकला आला, गेले काही दिवस दुपारी यायचा तसाच.

संघप्रियाने मान वळवली नाही. तिने उदयच्या भातावर आणखी वरण वाढलं.