चेपलेल्या पेटीचं कारण

"ही पेटी कशानं चेपली?" रेइयोने विचारलं.

"पडली."

"कुठून?"

"या फडताळावरून."

रेइयो पीराइनेनने पेटी चष्म्याजवळ नेली, उलटसुलट करून पाहिली आणि मग फडताळाकडे नजर टाकली. फडताळ जेमतेम त्याच्या कमरेएवढं. खाली रबरी जाजम.

"पेटी होती का अंडं?" तो म्हणाला.

मागे गल्ल्यावर माझी बायको पैवी खोकली. हसू आवरत नसलं की ती खोकते.

त्या दिवशी आमच्या दुकानाला पंचवीस वर्षं पूर्ण झाली होती आणि आम्ही सेल लावला होता. पहिल्या शंभर गिऱ्हाइकांना प्लास्टिकची बादली फुकट. बाहेर उणे अठरा असताना लोक सकाळी आठपासून रांगेत होते, मध्ये दोन-दोन हात अंतर सोडून, एकमेकांशी चकार शब्द न बोलता. बादली हातात पडली की तीच मंडळी आत येऊन कॉफी पीत होती, वेलदोड्याचे गोड पाव खात होती आणि अगदीच फुकट खाल्ल्यासारखं होऊ नये म्हणून एखादी केबल विकत घेत होती. रेइयो मात्र रांगेत नव्हता. पैवीने बादली पुढे केली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "बादली आहे घरी."

त्याला हवी होती हार्डडिस्क. सकाळी फोन आला होता. "इस्मो, कारणांच्या फडताळावर डिस्क आहे का?"

कारणांचं फडताळ म्हणजे दाराजवळचं सवलतीच्या मालाचं फडताळ. परत आलेला, खोका फाटलेला, ओरखडा पडलेला कॉम्प्युटरचा माल तिथे असतो आणि प्रत्येक वस्तूवर ती स्वस्त का आहे, ते माझ्या हाताने लिहिलेलं असतं. रेइयो नऊ वर्षं या एकाच फडताळावरून खरेदी करतोय. त्याचा कीबोर्ड तिथला, एक कळ किंचित तिरकी म्हणून परत आलेला. मायक्रोफोन तिथलाच. तो गुलाबी आहे, कारण "रंग पसंत पडला नाही". रेइयोला त्याचं काही वाटत नाही. त्याला सूट चालते, पण सुटीमागे कारण लागतं. बिनकारणाची सूट म्हणजे एक तर लबाडी नाहीतर दया, आणि दोन्ही त्याला नको.

आता त्या सकाळी फडताळावर डिस्क नव्हती. पण मी फोनवर बेधडक "आहे" म्हणून बसलो.

मग काय करतो? कपाटातून कोरी करकरीत डिस्क काढली. पेटी उघडली, डिस्क बाहेर ठेवली, रिकामी पेटी जमिनीवर ठेवून तिच्यावर उभा राहिलो. डिस्क पुन्हा आत घातली. वर चिठ्ठी चिकटवली: "पेटी पडून चेपली. निम्मी किंमत." पैवी हे सगळं कॉफीचा कप हातात धरून बघत होती. "बावन्न वर्षांचा घोडा झालास," ती म्हणाली, "सरळ तोंडानं सांगता येत नाही त्याला?"

नव्हतं येत. एप्रिलपासून येत नव्हतं.

रेइयोने आता पेटी उघडली होती. "बाहेरून पार चपटी," तो म्हणाला, "आणि आतलं प्लास्टिक साधं वाकलेलंसुद्धा नाही."

"नशीब म्हणायचं."

"आणि हे काय?" त्याने पेटीच्या कडेवर बोट ठेवलं. "खडी टोचलीये. घसरू नये म्हणून रस्त्यावर टाकतात ती. टाचेचा ठसा आहे हा, इस्मो. चव्वेचाळीस नंबर. उजवा पाय. चाळीस वर्षं बर्फ लोटायची गाडी चालवलीये मी. ठसा मला कळतो."

मी माझ्या बुटांकडे पाहिलं. बघायला नको होतं.

"मला नको ही डिस्क," असं म्हणून त्याने पेटी होती तिथे ठेवली आणि टोपी घातली.

बाहेर त्याची पायाने ढकलायची बर्फगाडी उभी होती आणि तिच्या बैठकीवर, लोकरीच्या पांघरुणात गुंडाळून दोरीने बांधलेला त्याचा कॉम्प्युटर. जुनी डिस्क आदल्या रात्री कायमची बंद पडली होती. दुसरं दुकान थेट कायानी शहरात, आणि तिकडे जाणारी बस निघून गेली होती. आणि तो दिवस बुधवार होता.

दर गुरुवारी आमच्या तालुक्याचं साप्ताहिक निघतं. ते अथपासून इतिपर्यंत रेइयो मोठ्याने वाचतो. अंधांच्या मंडळाला पहाटे चारला उठणारं कुणीतरी हवं होतं आणि निवृत्त झाल्यावरही रेइयोची चारला उठायची सवय काही केल्या जात नव्हती, एवढ्यावर त्याची नेमणूक झाली. तो गुलाबी मायक्रोफोनपुढे बसतो, वाचतो, आणि सात वाजता तालुक्यातल्या त्रेचाळीस घरांतल्या छोट्या पेट्यांमधून त्याचा आवाज येतो. पेटीला एकच मोठं बटण असतं. नऊ वर्षांत एकही गुरुवार चुकलेला नाही. हा चुकणार होता, आणि तोही माझ्या बुटामुळे.

"थांब," मी म्हणालो. "रेइयो, थांब जरा."

"कशाला? उन्हाळ्यात तू मला कीबोर्ड फुकट देत होतास. कशाबद्दल विचारलं तर म्हणालास, असंच. आज खोकी तुडवतोयस. मी तुझ्याकडे कधी काही मागितलंय?"

"नाही."

"पेन्शन पुरते मला."

"तसं नाही रे."

"मग कसं?"

दुकानात दहा-बारा माणसं होती. सगळी एकदम केबलींच्या किमती वाचण्यात गढून गेली. ऐकायचं असलं की आमची माणसं अशीच वाचायला लागतात.

"माझी आई ऐकायची तुला," मी म्हणालो.

रेइयो टोपीला हात लावून तसाच उभा राहिला. "हिल्का? ती गेल्याचं मीच वाचलं की. एप्रिलमध्ये. ती ऐकायची हे मला ठाऊक नव्हतं. मंडळवाले मला ऐकणाऱ्यांची नावं सांगत नाहीत."

"चार वर्षं ऐकलं तिनं. डोळे गेल्यापासून."

एकदा सुरुवात झाल्यावर मग मला थांबता येईना. मी सांगितलं की आई गुरुवारी सकाळी धुतलेला ब्लाऊज घालायची. तुला शिंक आली की तिकडून "जप रे बाबा" म्हणायची आणि पुढच्या गुरुवारपर्यंत तुझी सर्दी गेली असेल का याची काळजी करायची. तू बटाट्याचा भाव वाचलास की तुझ्याशी भांडायची, जणू भाव तूच लावलाय. मी रविवारी जायचो. कॉफी प्यायचो, बल्ब बदलायचो, घड्याळ बघायचो. मी वर्षभरात तिच्याशी बोललो नसेन तेवढं तू एका गुरुवारी बोलायचास. शेवटच्या हिवाळ्यात ती माझ्यापेक्षा तुझ्या सोबतीनं राहिली, रेइयो. माझं काम तू केलंस. मला ते कुणालातरी सांगायचं होतं, आणि सांगायचं तर तुलाच, आणि ते जमेना म्हणून मी खोक्यावर पाय दिला.

पैवी खोकली नाही.

"तिची खोली आवरायला गेलो तो गुरुवार होता," मी म्हणालो. "तिची ऐकायची पेटी तिथंच होती. मी बटण दाबलं. बर्फातली मासेमारी, शाळेचं छप्पर, सगळं वाचलंस. मग तिचं नाव वाचलंस. हिल्का मारिया केम्पाइनेन. आणि गप्प झालास. नंतर मी परत ऐकून मोजलं. अकरा सेकंद. तू कधी थांबत नाहीस. तिच्यासाठी थांबलास. अंत्यविधीला मला रडू आलं नव्हतं. त्या अकरा सेकंदांत मी तिच्या खुर्चीत बसून रडून घेतलं. त्याबद्दल तुझे आभार मानायचे होते."

रेइयोने टोपी काढली. टोपीच्या आतली शिवण बोटाने चाचपून पाहिली. मग म्हणाला, "तो मी नव्हतो."

"म्हणजे?"

"डिस्क अडकली होती. एप्रिलपासूनच तिला ते दुखणं लागलं होतं. आवाज भरला जातोय हे दाखवणारी रेघ असते ना पडद्यावर, ती थांबायची. ती थांबली की मी वाचायचा थांबतो. चालू झाली की पुढं वाचतो, आणि मधली शांतता तशीच भरली जाते. त्या दिवशी तिथं अडकली. बटाट्यांवर अडकली असती तर बटाट्यांवर थांबलो असतो."

दहा महिने जी गोष्ट मी उराशी धरून बसलो होतो, ती एका सडक्या डिस्कची निघाली.

"खोटं सांगायला हवं होतं का?" त्याने विचारलं. तो खरोखरच विचारत होता.

"नको. बरं केलंस सांगितलंस."

"पण तू रडलास, ते खरं?"

"ते खरं."

"मग झालं तर." तो पुन्हा फडताळाशी आला. "पेन दे."

मी पेन दिलं. त्याने माझ्या चिठ्ठीवरचं "पेटी पडून चेपली" हे सावकाश, रेघ सरळ येईल अशा बेताने खोडलं. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: "विक्रेत्याने मुद्दाम पाय दिला." मग लांब धरून वाचून बघितलं.

"आता कारण खरं आहे," तो म्हणाला. "खऱ्या कारणाला सूट चालते. कॉम्प्युटर बाहेर गारठतोय. बसवून देतोस का?"

केबलींच्या रांगेतून कुणीतरी हसलं आणि दुकानात पुन्हा आवाज सुरू झाला. मी कॉम्प्युटर आत आणला, तो उबेला येईपर्यंत थांबलो, जुनी डिस्क काढली, नवी बसवली, मंडळाचा वाचनाचा प्रोग्राम घालून दिला. तासभर गेला. त्या तासात रेइयोने दोन कप कॉफी प्यायली आणि एक पाव खाल्ला. एरवी तो खरेदीआधी पावाला हात लावत नाही. माझ्या मनावरचं ओझं उतरलं होतं, आणि डिस्कचं कळल्यावर राग यायला हवा तर तोही येत नव्हता. नऊ वर्षं चारला उठणाऱ्या माणसाचं ऋण काही अकरा सेकंदांवर अवलंबून नव्हतं, हे स्क्रू पिळता पिळता माझ्या ध्यानात आलं.

"जुनी डिस्क टाकून देऊ?" मी विचारलं.

"तुला हवी असली तर ठेव," तो म्हणाला. "तुझ्या कामी आली होती ना."

निघताना तो गल्ल्यापाशी थांबला. पैवीकडे न बघता म्हणाला, "ती बादली. आहे अजून?"

शंभर केव्हाच संपल्या होत्या. पैवीने पुसापुशीसाठी स्वतःकडे ठेवलेली बादली रिकामी करून, कोरडी करून त्याला दिली. त्याने ती बर्फगाडीच्या दांड्याला अडकवली आणि गाडी ढकलत तो तळ्याकाठच्या रस्त्याने निघून गेला.

आईची ती ऐकायची पेटी खरं म्हणजे मी मंडळाला परत करायला हवी होती. ज्याला दिसतं त्याचा तिच्यावर हक्क नाही. मी ती दुकानाच्या मागच्या खोलीत ठेवली आहे. गुरुवारी सकाळी आम्ही सातच्या आत दुकानात पोचलो. पैवीने कॉफी ठेवली आणि मी बटण दाबलं.

"आज गुरुवार. वाचतोय रेइयो पीराइनेन."

आवाज नेहमीचाच. पहाटेचा, थोडा खरखरीत. रस्त्यांवर बर्फ, नगरपालिकेची बैठक, हरवलेलं कुत्रं. मग जाहिराती. आमचीही वाचली. "पंचवीस वर्षांनिमित्त सेल शनिवारपर्यंत. पहिल्या शंभर ग्राहकांना बादली फुकट." आणि मग, नऊ वर्षांत कधी स्वतःचा शब्द न घालणाऱ्या या माणसाने पुढे घातलं, "बादली चांगली आहे."

पैवी खोकली.

मग मृत्यूच्या बातम्या. त्या आठवड्यात एकच होती. आमच्या ओळखीची नव्हे, पलीकडच्या गावची कुणी म्हातारी. "लेम्पी तोलोनेन," रेइयोने वाचलं. "वय एक्क्याण्णव."

आणि तो गप्प झाला.

पैवीने माझ्याकडे पाहिलं. "अडकली का रे?" ती हलकेच म्हणाली.

मी नकारार्थी मान हलवली. डिस्क कोरी होती, मी माझ्या हाताने बसवली होती. ती अडकणं शक्य नव्हतं. मी भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बघत राहिलो. अकरा सेकंद झाले, आणि रेइयोचा आवाज आला, "ग्रंथालय शनिवारी बंद राहील."