दहा हजारात एक

सिंधूचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच काशिनाथच्या सासूबाईंनी नातीचे कपडे बॅगेत भरायला घेतले. शालू सात वर्षांची. दुपारच्या गाडीनं तिला नागपूरला न्यायचं, असं मनोरमाबाईंनी ठरवूनच टाकलं होतं.

"तुमच्या घरात मी पोरगी ठेवणार नाही, काशिनाथराव. माझी ठेवली होती, तिचं काय झालं ते पाहिलं."

काशिनाथ कारखान्याच्या सुरक्षा विभागात इंजिनिअर. टाउनशिपमधल्या क्वार्टरच्या बाथरूममध्ये गॅसचा गीझर त्यानंच बसवला होता. जानेवारीत सिंधू अंघोळीला गेली, आत विषारी वायू साचला. दार फोडेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

आता पोरगीही जाणार म्हटल्यावर तो उठला आणि कपाटातून एक कागद घेऊन आला.

"आई, हे बघा. मी डोळे मिटून बसवला नव्हता."

कागदावर फॉल्ट ट्री होता. काय बिघडलं तर काय घडेल, याचं उलट्या झाडासारखं चित्र. कारखान्यात यंत्र बसवण्याआधी काढतात तसंच. वरच्या चौकटीत 'वायू साचून मृत्यू'. खाली दोन फांद्या: खिडकी बंद, एक्झॉस्ट पंखा बंद.

"दोन्ही एकदम झालं तरच धोका. खिडकी बंद राहील शंभरात एकदा, पंखा शंभरात एकदा. गुणाकार केला की दहा हजारात एक."

मनोरमाबाई चौथी शिकलेल्या. चष्मा लावून त्यांनी कागद नीट वाचला.

"थंडी वाजते म्हणून माणूस खिडकी बंद करतो. थंडी वाजते म्हणूनच पंखाही सुरू करत नाही. यात दोन गोष्टी कुठल्या हो? एकच की."

काशिनाथनं कागद पुन्हा हातात घेतला. दोन फांद्यांचं मूळ एक असेल तर गुणाकार करायचा नाही, हे अकरा वर्षं तो नव्या इंजिनिअरांना शिकवत आला होता. दोन पंप एकाच वीजजोडणीवर दिसले की फाइल तोंडावर फेकायचा. घरचा हिशेब मात्र त्यानं मे महिन्याच्या उकाड्यात केला होता.

"तिला दाखवला होता का हा?"

"हो. अंघोळीनंतर डोकं जड होतं म्हणाली, तेव्हा."

"मग?"

खोटं बोलता आलं असतं. "म्हटलं, आकडे बघ. उगीच भिऊ नकोस."

"गुणी पोर माझी," सासूबाई म्हणाल्या. "नवऱ्याचं ऐकलं तिनं."

हक्क सांगितला असता तर बापाला कोण अडवणार होतं? काशिनाथनं सांगितला नाही. कोपऱ्यावर जाऊन तो हबीबगंज स्टेशनसाठी रिक्षा घेऊन आला. शालू आत बसली आणि सरकून तिनं बाबांना जागा केली.

मनोरमाबाई मध्ये आल्या.

"तुम्ही येऊ नका स्टेशनवर. ती रडेल, आणि तुम्ही तिला काहीतरी समजावून सांगाल."

तो गेला नाही.