वीसपैकी वीस

ज्ञान हे निम्मं औषध आहे, असं दवाखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. उरलेलं निम्मं कुठे मिळतं, ते लिहायचं राहून गेलं होतं.

त्या भिंतीला टेकून बसड्रायव्हरने मधुमेहाची प्रश्नपत्रिका सोडवली आणि वीसपैकी वीस मिळवले. साखर, मीठ, झोप, चालणं, सगळं तोंडपाठ. डेपोत त्याला 'डॉक्टर'च म्हणत. दुसऱ्याच्या डब्यात डोकावून कोणाला काय बाधेल ते तो सांगे, आणि त्यातलं गोड वाया जाऊ नये म्हणून स्वतः संपवी. सोबत आलेल्या बायकोलाही सिस्टरने कागद दिला. तिला सहा मिळाले. साखर मात्र दोघांचीही वाढलेली निघाली.

"काका, मार्कांवर जाऊ नका," सिस्टर म्हणाली. "तीन महिन्यांत साखर उतरली नाही, तर डेपो तुमच्या हातात गाडी देणार नाही. हे यंत्र पट्ट्याला लावा, पावलं मोजतं. रोज आठ हजार हवीत."

बावीस वर्षं स्टिअरिंग धरलेला माणूस हादरला. घरी येऊन त्याने ते यंत्र बायकोच्या कमरेला अडकवलं.

"अहो, हे तुमचं ना?"

"अगं, तू दिवसभर फिरतच असतेस. आकडा घरातच राहील."

घरातल्या घरात आकडा तीन हजारांपुढे सरकेना. मग ती दुपारी बहिणीकडे चालत जाऊ लागली, येताना लांबच्या रस्त्याने. संध्याकाळी तो सोफ्यावरून विचारी, "आज माझी किती झाली?" सहा हजार ऐकलं की त्याचं तोंड उतरे. "जरा मनावर घे गं. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

तिने मनावर घेतलं. तीन महिन्यांनी यंत्र रोजची नऊ हजार पावलं दाखवत होतं. सिस्टरने दोघांचे रिपोर्ट पुन्हा पुन्हा ताडून पाहिले. त्याची साखर होती त्याहून थोडी वरच. बायकोची नॉर्मल.

"काकू, तुम्ही काय केलंत?"

"काही नाही बाई. यांची पावलं टाकली."

सिस्टरने चष्म्यावरून काकांकडे पाहिलं.

"चालण्याचे फायदे विचारा," तो घाईघाईने म्हणाला. "पाचही सांगतो."

गाडी गेली. डेपोने त्याला हरवलेल्या सामानाच्या खोलीत नेमलं. खोली चौथ्या मजल्यावर आहे. लिफ्ट बंद आहे.